बचतरावांच्या हाती भिशी

बचतराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते गल्लीने ठेवलेलं, आणि फक्त पाठीमागे वापरायचं. एकदा टेम्पोवाल्याच्या तोंडून ते समोरच निसटलं. आता हा माणूस चिडणार, म्हणून सगळे गप्प झाले, तर स्वारी चक्क खूश! तेव्हापासून कुणी खऱ्या नावाने हाक मारली की त्यांचा चेहरा जरासा उतरायचा.

नाव शोभतही होतं. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात ते वरिष्ठ लिपिक. पगार बँकेत यायचा आणि आल्या पावली निघून जायचा. भविष्य निर्वाह निधी तर आधीच कापलेला असे. मग विम्याचा हप्ता, घराच्या कर्जाचा हप्ता, आवर्ती ठेव, म्हातारपणाची योजना आणि ती बुडालीच तर हाताशी असावी म्हणून म्हातारपणाची दुसरी योजना. एक योजना तर निव्वळ कवळीसाठी होती. बचतरावांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते, पण दातांचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं बँकेला एकदाच लिहून दिलेलं, त्यामुळे दर महिन्याला त्यांना बोटही हलवावं लागत नसे.

"पैसा माणसापासून लांब ठेवावा," ते सलूनच्या बाकावर बसून सांगायचे. "जवळ राहिला की तो खर्च होतो. माझा पैसा नेमका कुठे आहे ते मला विचारलंत, तर मलासुद्धा पटकन सांगता येणार नाही. इतका तो सुरक्षित आहे!"

ऐकणारे माना डोलवायचे. मग या घरात भाजी, दूध, किराणा आणि विजेचं बिल कशावर चालतं, हा प्रश्न कुणाला पडत नसे. ते त्यांच्या बायकोच्या, म्हणजे गल्लीच्या वहिनींच्या, शिलाई मशीनवर चालायचं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं पायमशीन होतं आणि निम्म्या गल्लीच्या अंगावर वहिनींची शिलाई होती. गिऱ्हाईक कधी आज पैसे द्यायचं, कधी उद्या, तर कधी नुसतं हसून जायचं. त्यातून घर भागवून वहिनी गल्लीची भिशीही चालवायच्या.

भिशीत दहा जण होते. दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची आणि जमलेली सगळी थैली एकाला द्यायची. कुणाला कोणत्या महिन्यात, ते वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. ना सही, ना पावती, ना व्याज. सगळी मंडळी हातावर पोट असलेली, तरी आजवर थैली एक दिवसही उशिरा गेली नव्हती. वहिनींना या गोष्टीचा फार अभिमान होता, पण तो त्या बोलून दाखवत नसत. बोलून दाखवायचं काम घरात दुसऱ्याकडे होतं.

बचतरावांना ही भिशी म्हणजे पोरखेळ वाटायची. बिस्किटांच्या डब्यात पैसे! आणि डब्यावर मांजराचं चित्र! पण त्यांनी कधी लुडबूड केली नव्हती, कारण वहिनींनी कधी करू दिली नव्हती.

त्या महिन्यात मात्र वहिनींच्या धाकट्या बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं आणि वहिनींना आठ दिवस तिच्या गावी जावं लागलं. निघताना एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात चप्पल अशा अवस्थेत त्यांनी नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं. लोक येतील तसे पैसे डब्यात टाकायचे. रविवारी संध्याकाळी सगळे जमतील, तेव्हा डबा इस्त्रीवाल्या मावशींच्या हातात द्यायचा. या महिन्याचा नंबर मावशींचा.

"बाकी काही करू नका," वहिनी म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, खरंच, बाकी काही करू नका."

मावशींचा नंबर म्हणजे साधी गोष्ट नव्हती. कित्येक वर्षं त्या एका इमारतीच्या जिन्याखाली उभ्या राहून इस्त्री करत होत्या. जिना इतका ठेंगणा की मावशींना मान कायम एका बाजूला कलती ठेवावी लागायची आणि त्यामुळे गिऱ्हाइकांना वाटायचं की या आपल्याकडे संशयाने बघतायत. आता कोपऱ्यावरचा गाळा रिकामा झाला होता. सोमवारी सकाळी अनामत रक्कम दिली तर गाळा मावशींचा, नाही दिली तर मोबाइल दुरुस्तीवाल्याचा, असं मालकाने साफ सांगून ठेवलं होतं. मावशींची सगळी भिस्त भिशीच्या थैलीवर होती.

बचतरावांनी कामाला सुरुवात केली ती पावतीपुस्तक आणून. सलूनवाला पैसे घेऊन आला तर त्याला म्हणाले, इथे सही कर, इथे तारीख टाक आणि रक्कम अक्षरी लिही. सलूनवाल्याने बिचाऱ्याने जीभ बाहेर काढून रक्कम अक्षरी लिहिली. भाजीवाल्या आजींचा अंगठा घेताना शाई त्यांच्या वांग्यांना लागली आणि त्या दिवसभर गिऱ्हाइकांना ती पुसून पुसून देत होत्या. टेम्पोवाल्याने पैसे दिले आणि पावती न घेताच पळाला, तर बचतराव त्याच्या टेम्पोमागे नाक्यापर्यंत धावले. गुरुवारपर्यंत वीस हजारांची सगळी थैली जमली.

आता खरं तर काम संपलं होतं. रविवारपर्यंत डब्याकडे नुसतं बघत बसायचं होतं. पण बचतरावांना झोप येईना. घरात रोख वीस हजार आणि राखणीला चित्रातलं मांजर! शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा काखोटीला मारला, तडक बँक गाठली आणि सगळी रक्कम आपल्या खात्यात भरून टाकली. शनिवारी बँक अर्धा दिवस उघडी असते, तेव्हा काढून आणू, असा साधा सरळ बेत. स्लिपवर शिक्का बसला तसा त्यांच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. बहीण बरी होती, ऑपरेशन छान झालं होतं. मग वहिनींनी विचारलं, "पैसे कुठे ठेवलेत?"

"अगदी सुरक्षित जागी," बचतराव म्हणाले. "तिथून ते कुणालाही काढता येणार नाहीत."

हे वाक्य किती खरं होतं, ते त्या घटकेला दोघांनाही माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी बचतराव बँकेत गेले आणि वीस हजारांची स्लिप भरून काउंटरवर सरकवली. काउंटरवरच्या बाईंनी पडद्यावर बघितलं, स्लिप बघितली, पुन्हा पडदा बघितला आणि खात्यात फक्त तीनशे आणि वर थोडी चिल्लर आहे, असं सांगितलं. बचतराव हसले. म्हणाले, काल याच खिडकीत तुमच्याच हातात दिलेत. बाई म्हणाल्या, हो, दिलेत ना.

मग उलगडा झाला. सगळ्या योजना लिहून देताना बचतरावांनी शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ टाकली होती. महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी खात्यात पूर्ण हजारांत जे काही उरेल, ते पाच वर्षांच्या ठेवीत टाकावं. मोडता न येणाऱ्या ठेवीत. आजवर खात्यात कधी हजार उरलेच नाहीत, त्यामुळे ती ओळ अशीच पडून राहिली होती आणि बचतराव ती साफ विसरून गेले होते. काल एकतीस तारीख, म्हणजे महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस होता आणि काल पहिल्यांदाच काहीतरी उरलं होतं.

"अभिनंदन," बाई मनापासून म्हणाल्या.

 बचतरावांनी घाईघाईने ठेव मोडायला सांगितली. बाई म्हणाल्या, मोडता येत नाही, म्हणून तर व्याज बरं मिळतं. मग त्यांनी ठेवीवर कर्ज मागितलं. या प्रकारच्या ठेवीवर कर्जही मिळत नाही आणि हा प्रकार तुम्हीच आग्रहाने निवडला होता, असं बाईंनी अर्ज काढून दाखवलं. काहीतरी मार्ग असेलच ना, असं बचतरावांनी रडवेल्या आवाजात विचारलं. बाईंना दया आली. त्यांनी नियम वरपासून खालपर्यंत वाचला आणि सांगितलं, की खातेदाराचा मृत्यू झाला तर मात्र रक्कम लगेच वारसाला मिळते. बचतरावांनी क्षणभर त्या पर्यायाचाही विचार केला, पण सोमवार सकाळपर्यंत कागदपत्रं पुरी होणार नव्हती.

ते बाहेर पडले आणि नेमके जिन्यासमोरून चालले. मावशींनी कलत्या मानेने त्यांना हाक मारली. गाळ्यासाठी पाटी रंगवायला टाकली होती, हे त्यांना सांगायचं होतं. पाटीवर आधी कपड्याचं चित्र असावं की इस्त्रीचं, हेही विचारायचं होतं.

"तुम्ही शिकलेली माणसं," मावशी म्हणाल्या. "वहिनी नाहीत तर म्हटलं तुम्हालाच विचारावं. आणि गाळ्यात मी सरळ उभी राहणार बघा. छत किती उंच आहे, बघितलंत का तुम्ही?"

बचतराव म्हणाले, इस्त्रीचं काढा. आणि ते झपाझप पुढे निघाले. आयुष्यात त्यांना इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं. ही बाई पाटी रंगवतेय आणि तिचा गाळा आपल्या नावाने पाच वर्षं कुलपात पडलाय. मांजराच्या डब्यातून कुणी पैसे चोरले असते, तर निदान चोराला शिव्या देता आल्या असत्या.

घरी येऊन त्यांनी कार्यालयातल्या मित्रांना फोन लावले. रोखपालाचे पैसे जमिनीच्या प्लॉटमध्ये अडकले होते. मोठ्या साहेबांचे सोन्याच्या योजनेत होते आणि योजना पिकायला दीड वर्ष होतं. टंकलेखक बाई म्हणाल्या, मंगळवारी पगार होईल तेव्हा बघू, पण तो झाल्या झाल्या सगळा कापलाच जातो हो. तिकडे हिशेबनिसाने तर उलट बचतरावांनाच पाच हजार मागितले. तासाभरात त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या ओळखीतले सगळे कागदावर श्रीमंत आहेत आणि दुकानात जाऊन खिशातून वीस हजार काढून देईल असा त्यांच्यात एकही नाही.

शेवटी त्यांनी गल्लीकडे मोर्चा वळवला. भिशीच्या माणसांकडूनच भिशीचे पैसे उसने मागायचे, हे त्यांना काट्यासारखं टोचत होतं. पण खरं सांगायची हिंमत नव्हती. म्हणून त्यांनी प्रत्येकाला एवढंच सांगायचं ठरवलं, की एक अडचण आहे, कसली ते विचारू नका आणि कुणाला बोलू नका.

आधी गाठला टेम्पोवाला. तो आपल्या टेम्पोखाली झोपून काहीतरी ठोकत होता. अडचण हा शब्द ऐकताच तो सरपटत बाहेर आला, इकडेतिकडे बघून त्याने बचतरावांच्या खांद्यावर हात टाकला आणि वहिनी गावाला गेल्या आहेत, घरी कुणी नाही, अडचण सांगता येत नाही, या तीन गोष्टींची बेरीज करून डोळा मारला.

"पुरुषाचं दुःख पुरुषालाच कळतं," तो म्हणाला. "तिचं घर लांब आहे का?"

बचतरावांना काही कळलं नाही, पण पैसे मिळत होते म्हणून ते हो म्हणाले. टेम्पोवाल्याने जादा चाकाच्या आतून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यांनी बांधलेल्या नोटांच्या सुरळ्या काढल्या. ही त्याची खास पुंजी. बायकोला पत्ता नव्हता आणि लागता कामा नये, हे त्याने तीनदा बजावलं.

सलूनवाल्याने अडचण ऐकली आणि हातातला वस्तरा खाली ठेवला. शनिवारच्या भर दुपारी वरिष्ठ लिपिक पैसे मागतोय, तोही डोळ्यात डोळे न घालता. म्हणजे नोकरी गेली! त्याने काही विचारलं नाही. नुसतं जुनं बंद पडलेलं केस वाळवायचं यंत्र फळीवरून काढलं, स्क्रू उघडले आणि आतले पैसे बचतरावांच्या हातावर ठेवले. तो हे पैसे कुणापासून लपवत नव्हता, स्वतःपासूनच लपवत होता. खिशात राहिले की जो मागेल त्याला देऊन टाकायची खोड होती आणि स्क्रू उघडायचा कंटाळा हाच त्याच्या बचतीचा आधार होता. नोटांवर पावडर आणि बारीक केस होते. दुसरी नोकरी लागेपर्यंत दाढी फुकट, एवढं बोलून तो पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळला.

भाजीवाल्या आजींनी तर अडचण ऐकून डोळ्याला पदरच लावला. वहिनींच्या बहिणीचं ऑपरेशन त्यांना ठाऊक होतं. बचतराव काही सांगत नाहीत, म्हणजे गोष्ट हाताबाहेर गेलेली. त्यांचे पैसे बटाट्याच्या पोत्यात तळाशी होते. तळाचे बटाटे कोण चोरणार, असा आजींचा हिशेब होता आणि तो चुकीचाही नव्हता. फक्त कोणतं पोतं, ते त्या विसरल्या होत्या. मग भर बाजारात वरिष्ठ लिपिक गुडघ्यांवर बसले आणि एकेक पोतं उपसायला लागले. दोन गिऱ्हाइकांनी त्यांना बटाट्याचा भाव विचारला. तिसऱ्याने भावात घासाघीसही केली आणि बचतरावांनी त्याला दोन किलो विकून टाकले. चौथ्या पोत्यात प्लास्टिकची पिशवी सापडली. पिशवीपर्यंत उंदीर आधी पोचला होता आणि त्याने बऱ्याच नोटांचे कोपरे खाल्ले होते. आजींना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. उंदीर तेवढं घेतो, बँकवालेही काही घेतच असतील, असं त्यांनी बचतरावांनाच विचारलं. बचतराव नोटा मोजायला लागले.

घरी येऊन मोजले, तर वीस हजार बरोब्बर भरले. बचतराव पलंगावर आडवे झाले आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले. मावशींना गाळा मिळेल, वहिनींच्या भिशीला डाग लागणार नाही आणि तिघांचे पैसे आपण हळूहळू फेडू. कुणाला काही कळायचं कारणच नाही.

फक्त आजींच्या हातात फोन होता, एवढंच ते विसरले. आजींनी संध्याकाळीच वहिनींना लावला आणि हुंदका आवरत म्हणाल्या, की धीर सोडू नकोस बाई, सगळे एक दिवस जाणारच असतात, आणि पैशाची काळजी करू नकोस, तुझा नवरा दारोदार फिरून जमवतोय. वहिनींनी बहिणीकडे बघितलं. ती उशीला टेकून सफरचंद खात होती आणि टीव्ही बघून हसत होती. तेव्हा आजारी माणूस इथे नाही, घरी आहे, हे वहिनींनी ओळखलं. त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या गाडीचं तिकीट काढलं.

रविवारी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत भिशी जमली. सलूनवाला बचतरावांकडे बघून उसासे टाकत होता. टेम्पोवाला सारखा भुवया उडवत होता आणि मध्येच हळूच म्हणाला, की तिकडे सामान हलवायचं असेल तर टेम्पो फुकट देतो. आजी पांढरं लुगडं नेसून आल्या होत्या. बाकीच्यांना कळेना की आज सगळ्यांना झालंय काय. बचतरावांनी मांजराचा डबा मावशींच्या हातात दिला, दोन शब्द भाषणही केलं आणि आता चहा टाकू या म्हणाले.

पण मावशी पडल्या इस्त्रीवाल्या. चुरगळलेली वस्तू त्यांच्याने बघवत नसे. त्यांनी डब्यातली एकेक नोट काढून मांडीवर ठेवली आणि तळहाताने दाबून सरळ करायला सुरुवात केली. पहिल्या काही नोटा सरळ होईनात. दाबल्या की सपाट, सोडल्या की पुन्हा सुरळी. शेवटी मावशींनी डब्याच्या तळातून रबराचा तुकडा काढून बाजूला ठेवला.

टेम्पोवाल्याची बायकोही भिशीत होती. तिने तो तुकडा उचलला, ताणून बघितला आणि नवऱ्याकडे वळून शांतपणे विचारलं, ही आपल्या जुन्या सायकलची ट्यूब ना? टेम्पोवाल्याला अचानक टेम्पोची आठवण झाली आणि तो उठायला लागला. तिने त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

तेवढ्यात मावशींनी पुढची नोट झटकली आणि पावडर उडाली. सलूनवाल्याला शिंक आली. त्याने नोटेकडे बघितलं, आपल्या बोटांकडे बघितलं आणि बचतरावांकडे बघितलं. इकडे आजी पुढे वाकल्या. कोपरा खाल्लेली एक नोट त्यांनी उजेडात धरली.

"हा माझ्या उंदराचा दात आहे," आजी म्हणाल्या.

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगावा! आजी म्हणाल्या, बहिणीच्या दवाखान्याचे पैसे इथे कसे? सलूनवाला म्हणाला, कसला दवाखाना, ह्यांची नोकरी गेलीय. टेम्पोवाला म्हणाला, नोकरीचं काय घेऊन बसलात, ह्यांचं दुसरं घर आहे. त्यावर त्याची बायको म्हणाली, की तुझी इतकी पुंजी बाहेर होती, तर तुझंही असेल. सगळे एकदम बोलत होते आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नव्हतं. बचतरावांनी हात वर केला. कार्यालयात असा हात वर केला की लोक गप्प होत. इथे कुणीही झालं नाही.

गप्प झाले ते दारात वहिनींना बघून. खांद्याला पिशवी, हातात पाण्याची बाटली, आणि गाडीत उभं राहून आल्यामुळे एक पाय जरा वाकडा टाकलेला.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. बचतरावांनी सगळं सांगितलं. बँक, ती ओळ, पाच वर्षं, मोडता न येणारी ठेव, तिघांकडून घेतलेले पैसे. सांगून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली. या खोलीत त्यांनी इतक्या वेळा बचतीवर व्याख्यान दिलं होतं, पण इतक्या लक्षपूर्वक त्यांचं कुणी कधीच ऐकलं नव्हतं.

मावशींनी मांडीवरच्या नोटा गोळा केल्या, डब्यात घातल्या आणि डबा पुढे सरकवला. म्हणाल्या, "नको मला. हे ह्यांच्या पोटाचे आहेत, माझ्या भिशीचे नाहीत. गाळा काय, पुढेमागे मिळेल दुसरा. जिना कुठे पळून चाललाय."

वहिनींनी पिशवी खाली ठेवली आणि डबा उचलून पुन्हा मावशींच्या मांडीवर ठेवला. "थैली तुमची आहे आणि आजच द्यायची आहे. उद्या सकाळी गाळा घ्या. या तिघांचं माझ्याकडे लागलं. माझा नंबर शेवटचा आहे, तो आला की ती थैली ह्या तिघांची."

 वहिनींचा शेवटचा नंबर कशासाठी होता, ते भिशीत सगळ्यांना माहीत होतं. मशीनला मोटार बसवायची होती. पायमशीन मारून मारून वहिनींचा गुडघा दुखावला होता. बचतरावांनाही ते माहीत होतं, पण मोटारीसाठी त्यांच्याकडे कुठली योजना नव्हती. दोन म्हातारपणं आणि एक कवळी, एवढं सगळं होतं आणि मोटार नव्हती. त्यांना एकदम फार लाज वाटली.

"मोटारीचं मला काही नाही," वहिनी त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. "पण अहो, मी डब्यात ठेवा म्हटलं होतं. विचार करा, असं कुठे म्हटलं होतं?"

"तुझा नंबर मोडायचा नाही," बचतराव म्हणाले. आवाज बारीक होता, पण होता. "कवळी बंद करतो. दुसरं म्हातारपणही बंद करतो. पगारातून फेडतो."

सोमवारी सकाळी मावशींनी अनामत भरली आणि संध्याकाळी गाळ्यात सरळ मानेने इस्त्री केली. गिऱ्हाइकांना त्या ओळखूच येईनात. बचतरावही बँकेत गेले. कवळी आणि दुसरं म्हातारपण बंद करायचा अर्ज बाईंनी आनंदाने घेतला आणि तो दोन महिन्यांनी लागू होईल असं सांगितलं. ती एक ओळ मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने तिथल्या तिथे खोडली.

दोन महिने थांबायला तिघांची तयारी होती, पण फुकट नाही. त्यांनी व्याज लावलं. आजींना रोज कार्यालयाआधी तासभर बटाटे निवडून हवे होते, कारण त्या दिवशी बचतरावांनी विकलेल्या दोन किलोंचे त्यांना भावापेक्षा चार पैसे जास्तच मिळाले होते. टेम्पोवाल्याला दर रविवारी टेम्पो धुऊन हवा होता. त्याची उरलेली पुंजी आता बायकोकडे होती, त्यामुळे धुण्यावर देखरेखही तीच करायची. सलूनवाल्याने सांगितलं, की गर्दीच्या वेळी बाकावर बसून गिऱ्हाइकांना गोष्टी सांगत जा, म्हणजे ती उठून दुसरीकडे जाणार नाहीत. अट एकच, बचतीबद्दल बोलायचं नाही. बचतरावांना पहिल्या दिवशी दुसरं काही सुचेना. मग त्यांनी हाच सगळा किस्सा सांगितला आणि सलून इतकं भरलं की सलूनवाल्याला आणखी एक बाक आणावा लागला.

बटाटे निवडता निवडता त्यांच्या हातात अधूनमधून थोडे पैसे यायला लागले. कुणी ओझं रिक्षापर्यंत पोचवल्याचे द्यायचं, कुणी सुट्टे नाहीत म्हणून वरचे ठेवून घ्या म्हणायचं. हे पैसे पगारात नव्हते आणि बँकेला त्यांचा पत्ता नव्हता. बचतराव ते गुपचूप घरी आणतात आणि एका जागी लपवून ठेवतात. मोटारीला थोडे कमी पडले तर वहिनींना एकदम काढून द्यायचे, असं त्यांच्या मनात आहे. जागा कुठली ते इथे सांगत नाही, कारण ही गोष्ट वहिनींच्याही हातात पडणार. तशी ती जागा त्यांना पहिल्याच आठवड्यात सापडली आहे आणि त्या अधूनमधून त्यात थोडी भर टाकतात. पैसे हिशेबापेक्षा जास्त कसे भरतात, हे काही बचतरावांना अजून कळलेलं नाही. पण व्याज लागत असेल, असं ते सलूनमध्ये सांगतात.